कातळाचा जमाखर्च



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला सातवीत भूगोल शिकवला. त्यांच्या तासाला फळ्यापेक्षा खिडकीबाहेरचा डोंगरच जास्त वापरात असे. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक होतं. त्यातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत आकडा लिहायचा, हे काम आम्हा मुलांकडे असे. १९७२ च्या पावसाळ्यात त्या वहीत पानंच्या पानं शून्यं लिहिली गेली. शून्यसुद्धा लिहायचंच, रकाना मोकळा सोडायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. पुढे मी भूशास्त्राकडे वळलो, त्याचं मूळ त्या वहीत आहे.

आजचा विषय मला एका शेतकऱ्याच्या प्रश्नामुळे सुचला. मराठवाड्यातल्या एका गावी बोलून झाल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, "साहेब, हवामान तर कायमच बदलत आलंय. तुम्हीच सांगता की एके काळी पृथ्वीवर बर्फ होतं, एके काळी आगीचा लोळ होता. मग आत्ताच एवढा आरडाओरडा कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून त्या दिवशी मी ते अर्धवटच दिलं. उरलेलं आज देतो. त्यासाठी तुम्हाला फार लांब नेणार नाही. चंद्रपूरपासून कोकणापर्यंतच्या जमिनीत हे उत्तर लिहिलेलं आहे.

चंद्रपूरपासून सुरुवात करू. मे महिन्यात तिथे पारा ४७ अंशांपर्यंत जातो. याच चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या पात्रात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना १८७० च्या दशकात एक चमत्कारिक चुनखडक आढळला. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर समांतर ओरखडे होते. हिमनदी पोटाखाली दगडगोटे धरून सरकते, तेव्हा तळाच्या खडकावर असेच ओरखडे उठतात. हे ओरखडे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा आपला भूभाग गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाकडे होता. म्हणजे हवामान बदलण्याचं पहिलं नैसर्गिक कारण हेच: जमीनच जागा बदलते. बोटाच्या नखाच्या वेगाने सरकते, पण कोट्यवधी वर्षं सरकत राहते.

बर्फ हटल्यावर त्याच खोऱ्यात दलदली आल्या, जंगलं आली. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढली, पडली, चिखलात गाडली गेली. दाबाखाली त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातला आजचा कोळसा तो हाच. भूशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर कोळसा म्हणजे हवेतून काढून जमिनीत पुरलेला कार्बन. हवेची ती बचत जमवायला लाखो वर्षं लागली. चंद्रपूरला आज २,९२० मेगावॉट क्षमतेचं औष्णिक वीजकेंद्र उभं आहे. अशा भट्ट्यांतून ती बचत किती वेगाने हवेत परत जाते, ते पुढे पाहू.

आता पश्चिमेकडे येऊ. माळशेज किंवा वरंधा घाट चढताना डोंगराला पायऱ्या पडलेल्या दिसतात. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्राप्पा' म्हणतात. त्यावरूनच या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' हे नाव पडलं. लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला, त्या थरांच्या या पायऱ्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आज उरलेला काळा कातळच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर आहे. वेरूळचं कैलास लेणं आपण डोळे भरून पाहतो, पण ते ज्यात कोरलं तो खडक एके काळी हवामान उलथवून टाकणारा होता, हे मनात येत नाही. तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या एका तप्त स्रोतावरून सरकत होती. भूमी पुढे निघून आली, स्रोत मागे राहिला. त्याच स्रोतातून पुढे मॉरिशस घडलं, रीयुनियन घडलं. मॉरिशसच्या मराठी बांधवांच्या पायाखाली आपल्याच कातळाचा धाकटा भाऊ आहे, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

या उद्रेकांनी हवामानाचं काय केलं? ज्वालामुखी हे हवामान बदलण्याचं दुसरं नैसर्गिक कारण. तो दोन कामं करतो आणि ती एकमेकांच्या उलट असतात. गंधकाचे वायू उंच जाऊन सूक्ष्म थेंबांचा पडदा तयार करतात आणि काही वर्षं थंडावा येतो. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा स्फोट झाला, तेव्हा जगाचं सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरलं होतं. पण पडदा दोन-तीन वर्षांत विरतो आणि कार्बन डायऑक्साइड मात्र मागे राहतो. दख्खनचे उद्रेक काही लाख वर्षं थांबत-थांबत चालू होते. त्या काळातल्या सागरी गाळात दोन ते चार अंशांच्या तापमानवाढीची खूण मिळते, ती बहुसंख्य अभ्यासक दख्खनच्या वायूंना जोडतात. डायनोसॉर संपले ते मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे की आपल्या लाव्ह्यामुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. अशनीची बाजू भक्कम आहे, पण त्याआधी इथल्या लाव्ह्याने हवामान हलवून ठेवलं होतं, असं माझं मत आहे.

आणि आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. ज्या कातळाने हवेत कार्बन सोडला, त्यानेच तो परत घ्यायला सुरुवात केली.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवत खाली येतं आणि किंचित आम्ल होतं. ते कातळाला झिजवतं. आधी मुरूम होतो, मग माती. कातळातला कॅल्शियम पाण्याबरोबर नदीत आणि नदीतून समुद्रात जातो. तिथे शंख-शिंपले आणि सूक्ष्म जीव त्यापासून आपली कवचं बांधतात, ती तळाशी साठून चुनखडक होतो. हवेतला कार्बन असा दगडात बंदिस्त होतो. रत्नागिरीचा, गोव्याचा जांभा तुम्ही हातात घेऊन पाहा. सच्छिद्र, लालसर, तासायला सोपा. पाऊस आणि उष्णता यांनी कातळातलं धुऊन जाण्यासारखं बहुतेक सगळं धुऊन नेलं, उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. जांभ्याचा चिरा ही त्या व्यवहाराची पावती आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात नांगराला लागणारी पांढरी चुनखड हीही त्याच खात्यातली.

या झिजेला एक गुण आहे. हवा तापली, पाऊस वाढला, की झीज वाढते आणि कार्बन जास्त ओढला जातो. हवा थंड झाली, की झीज मंदावते आणि ज्वालामुखींचा वायू हळूहळू साठत जातो. पृथ्वी आजवर ना कायमची गोठली ना कायमची उकळली, याचं एक मोठं कारण हे. आपला काळा कातळ ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, म्हणून या कामात तो विशेष तरबेज. फक्त त्याचा वेग लक्षात ठेवा. हे यंत्र आपला हिशेब लाखो वर्षांत मिटवतं. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत हवेत भरमसाट कार्बन आला आणि जग पाच-सहा अंशांनी तापलं. ते पूर्वपदावर यायला एक-दीड लाख वर्षं लागली.

तिसरं कारण आकाशातलं आहे आणि मराठी माणसाला ते परकं वाटू नये. मकर संक्रांत आपण १४-१५ जानेवारीला साजरी करतो, पण उत्तरायण सुरू होतं ते २१-२२ डिसेंबरला. हा फरक अयनचलनामुळे पडला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पुरी करतो. म्हणून मृग नक्षत्र ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये याच अयनचलनाच्या आधारे वेदकाळ ठरवण्याचा प्रयत्न केला. १९०३ मध्ये 'आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहिताना त्यांनी हिमयुगांच्या खगोलीय उपपत्तीची, जेम्स क्रॉल यांच्या सिद्धांताची, चर्चा केली. वेदांच्या मूलस्थानाचा त्यांचा निष्कर्ष आज स्वीकारला जात नाही. पण पुण्यात बसून एक राजकीय नेता हिमयुगाची कारणं तपासत होता, हे मला थोर वाटतं. त्या गणिताला पक्कं रूप दिलं सर्बियाच्या मिलुतिन मिलान्कोविच यांनी. अक्षाचं डुलणं, अक्षाचा कल, कक्षेचा लांबटपणा या तीन चक्रांनी उन्हाची वाटणी बदलते आणि हिमयुगं येतात-जातात, हे त्यांनी आकडेमोडीने मांडलं. १९७६ साली समुद्रतळाच्या गाळातून त्याला भरघोस पुरावा मिळाला.

आपल्या मोसमी पावसावर याचा थेट परिणाम होतो. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती उन्हाळ्यात जवळ असे, आणि उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळे. जमीन जास्त तापे, समुद्रावरचा वारा जोराने आत येई. त्या जोरदार पावसाने थरच्या वाळवंटात तळी भरली होती. राजस्थानातल्या लुणकरणसरचा तलाव सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी आटला. तेव्हा त्या भागात ना कारखाने होते ना मोटारी. त्या शेतकरीदादांचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के खरं आहे.

निसर्गाचा असा फेरा माणसांच्या घरात शिरतो तेव्हा काय होतं, ते घोड नदीकाठच्या इनामगावात दिसतं. शिरूर तालुक्यातलं हे गाव डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ पासून खणलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती शेतकरी वस्ती. चौकोनी प्रशस्त घरं, धान्याची बळदं, पाण्याचा पाट, त्याला बांध. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती रोडावते, गुरं आणि शिकार यांवरचा भर वाढतो. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडतं. ढवळीकरांनी याचं मुख्य कारण पाऊस कमी होणं हे सांगितलं. खोदलेल्या जमिनीवरच्या त्या गोल झोपड्यांच्या खुणा पाहताना मला १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं आठवली होती. इनामगावच्या लोकांना निदान उठून दुसरीकडे जाता आलं. तेव्हा मोकळी जमीन होती.

हिमयुगाबद्दल एकच गोष्ट सांगतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर किंवा त्याहून जास्त खाली होती. 'मुंबई हाय'चं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, ७५ मीटर पाण्यात आहे. तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. जगाचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा फक्त पाच-सहा अंशांनी कमी असताना कोकणचा किनारा तितका दूर होता. 'एक-दोन अंशांनी काय बिघडतं' असं कुणी म्हणालं की मी त्याला ही जागा नकाशावर दाखवतो.

आता हवेचा जुना हिशेब. अंटार्क्टिकाच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. पूर्व अंटार्क्टिकात तीन किलोमीटरहून खोल छिद्र घेऊन आठ लाख वर्षांची हवा मोजली गेली आहे. आपल्या गोव्यात, वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अशाच बर्फाच्या कांड्या गोठणबिंदूच्या खूप खाली जपून ठेवतात आणि तपासतात. या आठ लाख वर्षांत दहा लाख भाग हवेत कार्बन डायऑक्साइड कधी १८० पर्यंत उतरला, कधी ३०० च्या आसपास चढला, त्यापलीकडे गेला नाही.

इथे एक शंका हमखास निघते, आणि ती बुद्धिमान शंका आहे. हिमयुग संपताना अंटार्क्टिकाचं तापमान आधी वाढू लागतं आणि कार्बन डायऑक्साइड काही शतकांनी मागून वाढतो. मग तो कारण कसा? उत्तर असं: सुरुवात कक्षेतल्या बदलाने होते. समुद्र तापू लागतो आणि विरघळलेला वायू सोडतो. तो वायू तापमान आणखी वाढवतो. आग एकाने लावली आणि वारा दुसऱ्याने घातला, म्हणून वाऱ्याचा दोष कमी होत नाही. कक्षेतल्या बदलाने एकट्याने हिमयुग संपत नाही, या वायूची जोड लागते.

या वायूचा गुण आपल्याला आज कळलेला नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं, की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते. पुढे टिंडल यांनी उष्णता अडवण्याचा हा गुण प्रयोगशाळेत मोजला. १८९६ मध्ये स्वीडनचे अर्‍हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर जग किती तापेल, याचं गणित हाताने केलं. कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात पर्यावरण हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीचं हे शास्त्र आहे.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर रोजचं मोजमाप सुरू केलं, तेव्हा आकडा होता ३१५. औद्योगिक युगापूर्वी तो २८० होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. गेल्या हिमयुगाच्या अखेरीस हा आकडा साधारण ८० ने वाढायला सात-आठ हजार वर्षं लागली होती. आपण १०० हून जास्त वाढवला, तो कीलिंग यांची वही उघडल्यापासूनच्या सहासष्ट वर्षांत. माझ्या एका आयुष्यात. त्या शेतकरीदादांना द्यायचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे.

उरलेलं अर्धं असं, की प्रत्येक कारण आपली निराळी खूण मागे ठेवतं. सूर्य तापला असता तर हवेचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. गोधडी पांघरली की ऊब आत राहते, तसं हे आहे. शिवाय १९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज मोजत आहेत. ते अकरा वर्षांच्या चक्रात शेकडा ०.१ इतकं वर-खाली होतं, पण वाढत गेलेलं नाही. ज्वालामुखी म्हणावेत, तर आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो आपल्या धुराड्यांच्या शेकडा एकही भरत नाही. आपण कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो. आणि कक्षेच्या चक्रांनी पाहिलं तर सध्या उत्तर गोलार्ध अगदी हळूहळू थंड होत जायला हवा होता.

सगळ्यात पक्की खूण कार्बनच्याच अंगावर आहे. सजीवांत किरणोत्सारी कार्बन-१४ असतो, दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जुन्या कोळशात त्याचा मागमूस नसतो. असा जुना कार्बन हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या वलयांत नेमकं हे दाखवलं. हवेतला वाढीव कार्बन वर्धा खोऱ्यासारख्या खाणींतून आला की समुद्रातून, हे ओळखता येतं, आणि तो खाणींतून, तेलविहिरींतून आला आहे. न्यायालयात याहून कमी पुराव्यावर निकाल लागतात.

आपल्या पावसाचं चित्र मात्र सरळ नाही आणि ते सोपं करून सांगणं मला मान्य नाही. आपल्या धुरातले गंधकाचे आणि काजळीचे कण ऊन अडवतात. त्यांनी उपखंडावरची तापमानवाढ काही अंशी झाकली आणि मोसमी वाऱ्यांचा जोरही कमी केला. दुसरीकडे हिंदी महासागर तापल्यामुळे हवेत बाष्प वाढलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, त्याच काळात एकूण पाऊस मात्र घटत होता. मधले दिवस कोरडे आणि एका रात्रीत बांध फोडणारा पाऊस, हे शेतकरी जे सांगतो, त्याला आकड्यांचा आधार आहे. एखादा दुष्काळ म्हणजे हवामानबदल नव्हे. १९७२ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षातला होता आणि असे दुष्काळ पूर्वीही पडत. आता ज्या पायावर ते पडतात, तो पायाच सरकला आहे.

भारताने दरडोई फार थोडा कार्बन सोडला, आजवरचा मोठा वाटा युरोप-अमेरिकेचा, हे खरं आहे आणि ते जगाला ठणकावून सांगितलं पाहिजे. पण चंद्रपूरच्या धुराड्याखाली राहणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारी राख त्या युक्तिवादाने कमी होत नाही, आणि बोंडावर आलेल्या कापसावर पडणारा पाऊसही दरडोई हिशेब पाहून पडत नाही.

हा कार्बन जाईल कुठे, असं कुणी विचारेल. निम्म्याच्या आसपास समुद्र आणि जंगलं उचलतात. पुढच्या काही शतकांत समुद्र आणखी घेईल आणि त्या बदल्यात आम्ल होत जाईल. शेवटचा हिस्सा मिटवायचं काम पुन्हा पाऊस आणि काळा कातळ यांच्याकडेच जाणार आहे. त्यांचा वेग मी सांगितला.

गुरुजींच्या वह्या त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवल्या आहेत, हे मला आज इथे आल्यावर कळलं. शाळेतलं पर्जन्यमापक मात्र मोडून पडलं आहे. ते या पावसाळ्याआधी पुन्हा उभं राहावं, ही माझी संचालक मंडळाला विनंती आहे, आणि त्याचा खर्च मी करीन. मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत. आणि त्या शेतकरीदादांना, ते कुठे असतील तिथे, माझं राहिलेलं उत्तर एवढंच आहे: होय, हवामान नेहमीच बदलत आलं. पण आज आपण जाळलेल्या कोळशातल्या कार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा आणखी हजारो वर्षांनीही हवेत असेल.